मेढ्यातून कोण शोधतंय

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण खारीक आतून किडकी आहे का, हे मी पिशवी न उघडता नुसत्या वजनावरून सांगते. मेढ्यात आणि वरच्या वाड्यांवर तीस वर्षं बाळंतपणं केली. डिंक, अळीव, बाळंतशेपा, धुरीचा ओवा, सगळा बाळंतविडा माझ्या हातचा. म्हणून सून म्हणाली, "आत्या, हा विडा आपण ऑनलाइन विकू, पुडक्यावर तुमचा फोटो आणि 'लीलाबाईंचा बाळंतविडा' असं नाव," तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

सून संयोगिता, सांगलीची. माहेर विश्रामबागेत, शिक्षण बी. कॉम. माझा शंभूराज फौजेत आहे, त्याची ही दुसरी बायको. पहिली दीपमाला. ती नऊ वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली, अकराव्या दिवशी. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण इथंच, माझ्या हातनं झालं होतं. तिची मुलगी शिरवळला मामाकडं वाढते. मला बघितलं की मामीच्या पदराआड जाते. गाव तोंडावर काही बोललं नाही, पण तेव्हापासून मला बाळंतिणीच्या खोलीत कुणी बोलावलं नाही.

आता संयोगिताला सातवा लागला होता. पहिलटकरीण माहेरी जाते, ही रीत मलाही ठाऊक आहे. तरी मी हट्ट धरला, इथंच करायचं. हे एक बाळंतपण नीट पार पडलं असतं, की माझ्याकडं बोट दाखवायची कुणाची छाती झाली नसती.

माल भरायच्या आधी ती कॉम्प्युटर घेऊन बसली.

"लाडू वळायचं सोडून काय बघतीस गं?"

"लोक काय शोधतात ते बघते, आत्या. त्यावरून कळतं धंदा चालंल का नाही."

तिनं समजावलं. पडद्यावर एक शब्द, त्याच्यापुढं तो महिन्यात कितीदा शोधला, कुठून, कधी शोधला, आणि तो माल विकणारे किती. शोधणारे जास्त आणि विकणारे थोडे, तिथं आपल्याला जागा. डिंकाच्या लाडवाला गिऱ्हाईक लय, पण विकणारे मुंगळ्यासारखे. बाळंतविड्याला विकणारे चारदोनच. मला पटलं. बाजारात पाटी मांडायच्या आधी मीसुद्धा एक फेरी मारूनच बसायची.

त्याच यादीत खाली एक ओळ होती. 'बाळंतिणीला पाणी कधी द्यावं.' महिन्यात दोनशे दहा वेळा. सगळेच्या सगळे मेढ्यातून.

"अकरा दिवस न्हाई द्यायचं," मी म्हणाले. "पोट सुटतं, अंगात वारं शिरतं. ओठ ओले करायचे, बास."

"डॉक्टर म्हणतात, भरपूर प्यायचं."

"तुझा डॉक्टर किती येळा बाळंत झालाय?"

ती हसली. मीही हसले.

पुढच्या महिन्यात तिनं पुन्हा यादी काढली. दोनशे दहाचे एकोणीसशे झाले होते. खाली नवी ओळ आली होती, 'अकरा दिवस पाण्याविना माणूस राहतं का.' तीही मेढ्यातून.

मी भोळी नाही. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंना गाठून विचारलं, आपल्याकडं महिन्याला बाळंतिणी किती? त्या म्हणाल्या, दहा-बारा. मग एकोणीसशे वेळा विचारतंय कोण? संयोगिताला म्हणाले, तुझं मशीन बिघडलंय. ती साताऱ्याला मैत्रिणीच्या ऑफिसात जाऊन तिथल्या कॉम्प्युटरवर बघून आली. आकडा तोच.

"एखादं पोर चेष्टा करत असंल," मी म्हणाले.

"रोज, आत्या? रोज दुपारी दोन ते चार?"

दुपारी दोन ते चार मी झोपते. पहिल्यापासून. दीपमालाच्या बाळंतपणातही झोपायची.

तिसऱ्या यादीत विकायच्या मालाचा शब्दच उरला नव्हता. डिंक नाही, शेपा नाही. संयोगिता एकेक ओळ वाचत गेली. तिचा आवाज बारीक होत गेला.

"'बाहेरून कडी असली तर काय करावं.' 'फळीवरचा तांब्या हाताला येत नाही.' आत्या, असं कोण शोधतं?"

मी खारका फोडत होते. अडकित्ता तसाच हातात राहिला.

चौथ्या दिवशी दीपमाला रांगत स्वयंपाकघरात गेली होती. मी तिला हंड्यात तोंड घातलेलं धरलं. त्यानंतर खोलीला बाहेरून कडी घालायला लागले, आणि हात धुवायचा तांब्या वरच्या फळीवर ठेवला. शंभूराज तेव्हा सीमेवर होता. त्याला सांगितलं, झटका आला. डॉक्टरलाही तेच. फळीचं माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्याशिवाय.

"फळीवर तांब्या कुणी ठेवला होता?" संयोगितानं विचारलं. हळूच.

"तोंड सांभाळून बोल. माझ्या सासूनं मला असंच ठेवलं. मी मेले का?"

ती पोटावर हात ठेवून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आत पडली होती. मी झोपले नाही. कॉम्प्युटरपुढं बसले. ती कशी करते ते तीन महिने बघत होते. अक्षरं शोधत एका बोटानं दाबली. 'दीपमाला तुला काय पायजे.'

कितीदा शोधलं, तिथं शून्य आलं. बरोबर आहे. मीच पहिली.

मग खाली त्याच्याशी मिळतीजुळती एक ओळ उमटली.

'भिंतीची ओल चाटली तर चालते का.'

अकराव्या सकाळी मी कडी काढली, तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. ओठांना चुना लागला होता. मी पदरानं पुसला, आणि मगच माणसं बोलावली.

दुसरी ओळ उमटली.

'संयोगिताची खोली कोणती.'

मागं श्वास ऐकू आला. संयोगिता उभी होती. तिनं दोन्ही ओळी वाचल्या होत्या.

"कोणती खोली देणार होता मला, आत्या?"

 ह्या घरात बाळंतिणीची खोली एकच आहे.

तासाभरात तिचा भाऊ सांगलीहून गाडी घेऊन निघाला. दिवेलागणीला ती गेली. पाया पडली नाही. लाडवांची परात झाकलीसुद्धा नाही. मी दारात उभी राहून म्हणाले, "जा. माझ्यावाचून कुणाचं अडत न्हाई, माझंबी अडत न्हाई." गल्लीतल्या बायकांनी ऐकलं. ऐकू दे.

संयोगिताला मुलगा झाला. सांगलीतच. मला फोनवर फोटो आला, बोलावणं आलं नाही. शंभूराज सुट्टीवर आला तो परस्पर सांगलीला गेला, तिथूनच परत गेला. त्याला काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

परवा दुपारी तिचा फोन आला. बाळाचं बारसं तरी सांगत असंल, म्हणून मी पदर सावरून उचलला.

"आत्या, मी आज ती यादी परत काढली. मेढ्याचे सगळे शब्द गेले. एक पण राहिला नाही."

"बरं झालं."

"नवा एक आलाय. आज सकाळपास्नं."

"वाच की मग."

तिनं वाचलं. "'लीलाबाई घरात एकटी कवा असते.'"

बाहेर ऊन होतं. समोरच्यांच्या टीव्हीचा आवाज येत होता.

"कितीदा?" मी विचारलं.

"सांगते. आधी तुम्ही सांगा, आत्या. आत्ता घरात तुमच्याजवळ कोण आहे का?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात ध्यानात आलं, मी काय बोलते ते ऐकायला घर गप्प झालं होतं. समोरचा टीव्हीसुद्धा ऐकू येत नव्हता.