बाटलीतला मातकट कोळी

"ताई, त्यानं माझ्याकडे बघितलं!"

शेपूट इतक्या जोरात किंचाळला की बहिणीच्या हातातलं भिंग पडता पडता वाचलं. ते भिंग सदानकदा हातात असायचं, म्हणून तिचं नावच भिंग पडलं होतं. शेपूट तिचा धाकटा भाऊ, आणि तोफ त्यांची मामेबहीण. पोरांना घरी एकटं ठेवायला आईचा जीव धजत नसे, म्हणून तिघांची सुट्टी चालली होती आईच्या कामाच्या ठिकाणी, वनस्पती उद्यानात. आत्ता तिघं काचघरात होती. दारावर 'हा दुर्मीळ कोळी दिसल्यास कळवा' असा जुना कागद होता, आणि दाराशेजारच्या फळीवर तीन पत्र्याचे बिल्ले लटकत होते. आत शिरताना आपला बिल्ला फळीवर लावायचा, बाहेर पडताना काढायचा.

"कोळी कधी कुणाकडे बघतो का रे, बावळटा?" तोफ म्हणाली. पण पानाजवळ वाकली आणि वाकलेलीच राहिली.

वाटाण्याच्या निम्म्याएवढा कोळी! पाठ लालभडक, मखमलीसारखी. मधून निळा पट्टा, जबडे हिरवे आणि चकचकीत, डोक्यावर केसांचे तीन तुरे. समोर दोन टपोरे काळे डोळे. शेपूट डावीकडे सरकला, तसा तोही डावीकडे वळला. शेपूट उजवीकडे गेला, तो उजवीकडे!

टुणकन! कोळी उडाला तो थेट शेजारच्या पानावर, मागे बारीक धागा सोडत. ते पान गुंडाळलेलं होतं, आणि आत पांढरी रेशमी पिशवी.

"अंडी!" भिंग पुटपुटली. "ही आई आहे."

"बाहेर व्हा!" मागून आवाज आला. काचघराचे साहेब होते. "बाराला औषधाची धुरी आहे. झाडांना पिठ्या ढेकूण लागलाय, आज एक किडा जिवंत राहायचा नाही!"

"पण साहेब, दारावरच्या कागदातला दुर्मीळ कोळी हाच असेल तर? हे बघा, तीन तुरे!"

साहेबांनी चष्माही वर केला नाही. "तुरे पुष्कळांना असतात. कागदावर काय लिहिलंय? मातकट! अकरा वर्षं शोधतोय मी त्याला. लाल-निळं हे ध्यान कुठल्या तरी कुंडीतून आलं असेल. चला!"

तिघांनी बिल्ले काढले आणि थेट आईची खोली गाठली. तिथं भिंतभर फळ्या, फळ्यांवर स्पिरिटच्या बाटल्या आणि बाटल्यांत बुडवून ठेवलेले किडे. सगळ्यात वर दारावरच्या कागदातला तो मातकट कोळी. त्यांच्या चिठ्ठ्या लिहिणं हे आईचं काम.

"कोळी? हात लावलास? दाखव हात! दोन्ही! चावला नाही ना?"

"आई गं, आधी ऐक तरी!"

भिंगनं सगळं सांगितलं. सांगता सांगता तिची नजर खालच्या फळीवर गेली आणि ती थबकली. एका बाटलीवर तिचंच नाव होतं. गेल्या सुट्टीत तिला सापडलेला मेलेला नाकतोडा.

"आई! हा माझा नाही. माझा हिरवागार होता!"

"तुझाच आहे," आई म्हणाली. "स्पिरिटमध्ये रंग उतरतो गं."

"वर्षभरात वाळक्या गवताच्या काडीसारखा झाला?" भिंगचे डोळे विस्फारले. "मग... तो मातकट कोळी बाटलीत किती वर्षं आहे?"

आईनं वरच्या फळीवरची बाटली काढली, चिठ्ठी वाचली आणि बाटली भिंगसमोर धरली. "साठ. आणि त्याचं वर्णन लिहिलंय तेही बाटलीत बघूनच. जिवंत कुणी पाहिलाच नाही!"

भिंगनं भिंगातून बघितलं. मातकट पाठ, आणि डोक्यावर तीन तुरे.

"बाराला पाच कमी!" तोफ धडाडली.

"डबीत घालून आणू?" शेपटानं विचारलं.

"पिशवी सोडून ती येईल होय? आई, तो बिल्ल्यांच्या फळीचा नियम! एक जरी बिल्ला लटकत असला तरी धुरीचं यंत्र लावायचं नाही ना? मी माझा लावते आणि आत जाऊन बसते!"

"खबरदार!" आई कडाडली. "विषाच्या दारात पोरं? माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही!"

भिंगचं तोंड एवढंसं झालं. आईनं मात्र खणातून स्वतःचा बिल्ला काढला आणि ती पळत सुटली. पोरं बघतच राहिली! जिना उतरतानाही कठडा न सोडणारी त्यांची आई पळत होती!

काचघराशी साहेब उभे होते आणि फवारणीवाले काका नळी जोडत होते. आईनं फळीवर खटकन बिल्ला अडकवला, आत गेली आणि त्या झाडाखाली उलट्या कुंडीवर ठाण मांडून बसली. पोरांना ओरडून म्हणाली, "तुम्ही उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही!"

काकांनी नळी खाली ठेवली. "बिल्ला आहे साहेब. यंत्र चालणार नाही."

"अहो, हा काय पोरखेळ!" साहेब लालबुंद झाले. "हा नियम कुणी केलाय माहीत आहे का?"

"तुम्हीच!" तोफ म्हणाली.

भिंगनं येताना उचललेल्या दोन बाटल्या पुढे धरल्या. "साहेब, हा नाकतोडा गेल्या सुट्टीत हिरवा होता. आता हा कोळी बघा, आणि मग आतला."

साहेबांनी नाकतोडा बघितला. कोळी बघितला. मग आत गेले, आईशेजारी गुडघ्यांवर बसले आणि पहिल्यांदाच चष्मा वर केला. पानावरच्या दोन टपोऱ्या डोळ्यांनी त्यांच्याकडे रोखून बघितलं.

"अकरा वर्षं," ते पुटपुटले. "रोज सकाळी मी हिच्यासमोरून जातोय. आणि आज मीच तिला..."

काका यंत्राची नळी गुंडाळू लागले होते. साहेब बाहेर आले, त्यांनी दारावरचा 'मातकट' लिहिलेला कागद टराटरा फाडला आणि भिंगच्या पाठीवर थाप मारली. "पोरी, मी पुस्तकात बघत राहिलो, तुम्ही पानावर बघितलंत. ढेकूण आता हातानं पुसून काढू. काका, फडकी आणा!"

"मीच पहिला बघितला!" शेपटानं आठवण दिली.

"चूक," भिंग म्हणाली. "पहिलं तिनं तुला बघितलं."

संध्याकाळी आईनं नवी चिठ्ठी लिहायला घेतली. तिघं सांगत होती, ती लिहीत होती: पाठ लाल, पट्टा निळा, जबडे हिरवे. मध्येच थांबून ती म्हणाली, "ए, हात दाखवा बघू पुन्हा एकदा."

सहा हात पुढे आले. आईनं ते तपासले, आणि मग चिठ्ठीच्या शेवटी लिहिलं : 'हिला बाटलीत भरू नये.'