मामीची निवळी

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी कोणाची मनधरणी करणार नाही. पण हे घडलंय, माझ्या सख्ख्या मामाच्या घरात घडलंय, आणि त्याचा शेवटचा भाग मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

आधीच सांगते, ही रात्रीची गोष्ट नाही. अंधार नाही, लाइट गेलेली नाही, दारं वाजली नाहीत. भर दुपारी, लख्ख उजेडात, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत हे झालं. म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते.

मामा दातांच्या कवळ्या बनवतो. डॉक्टर मापं पाठवतात, हा घरीच बसून दात बसवतो. कितीतरी म्हातारी माणसं याच्या कृपेने हसतात, पण हा स्वतः हसेल तर शपथ! बोलायचं खातं मामीकडे होतं. मूलबाळ नाही. मामी आणि मामीची टाकी, एवढाच त्याचा संसार.

टाकी म्हणजे साधी माशांची नव्हे हं. खाऱ्या पाण्याची. त्यात प्रवाळ होते, जांभळे, हिरवे, फांद्या फुटलेले, जिवंत. प्रवाळाला वाढायला चुना लागतो. शिवाय टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून कमी झालं तेवढं गोडं पाणी रोज घालावं लागतं. मामीने दोन्ही कामं एकात बसवली होती. टाकीशेजारी झाकणाचा पारदर्शक डबा. त्यात पाण्यात चुना कालवायचा, गाळ खाली बसू द्यायचा, वर राहते ती स्वच्छ निवळी. डब्यात छोटा पंप, पंपाला नळी, आणि नळीचं दुसरं टोक टाकीखालच्या कपाटात, टाकीचं पाणी फिरून येतं त्या छोट्या हौदावर सोडलेलं. पाणी कमी झालं की हौदातलं तरंगतं बटण खाली जायचं, पंप आपोआप चालू व्हायचा, थोडी निवळी पडायची आणि पंप बंद.

"जग माणसांना चुना लावतं, आमच्या बाईसाहेब पाण्याला लावतात."

मामाला एवढा एकच विनोद यायचा. तो आल्यागेल्या प्रत्येकाला तोच ऐकवायचा आणि मामी दर वेळी नव्याने हसायची.

मग मामीची फुप्फुसं गेली.

शेवटचे दिवस ती घरीच होती. टाकी दिसेल असा पलंग लावून घेतला होता. दोन आखूड श्वास, मग एक लांब... मग थांबायची. त्या थांबण्यात मामाही श्वास रोखून बसायचा. तिचा पुढचा आला की मग हा घ्यायचा.

एका दुपारी पुढचा आलाच नाही.

त्यानंतर मामा अगदी एकटा पडला. आम्ही फोन करायचो, तो "बरं आहे" म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. दूधवाल्याशी सोडलं तर दिवसचे दिवस तोंडातून शब्द नाही. सवयीने दोन कप चहा करायचा, मग एक ओतून द्यायचा. घरात जिवंत म्हणावी अशी ती टाकीच उरली होती. ती मेली तर मामी पुन्हा एकदा जाईल, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने प्रवाळ विकणाऱ्या दुकानदाराकडून सगळं शिकून घेतलं. आम्ही त्याला टाकीवाला म्हणतो. मामी त्याचं मोठं गिऱ्हाईक, तो तिला काकू म्हणायचा. मामा रोज चुना कालवू लागला.

आणि मग एका दुपारी जेवून उठल्यावर त्याचं लक्ष डब्याकडे गेलं.

निवळी दुधासारखी पांढरी झाली होती.

सकाळी स्वच्छ होती. त्याने स्वतः पाहिली होती.

आपलंच काहीतरी चुकलं, गाळ नीट बसला नव्हता, असं म्हणून त्याने ती फेकली आणि नवी केली. दुसऱ्या दिवशी दुपारी... पुन्हा पांढरी. झाकणाला टेप लावली. पुन्हा पांढरी. डबा बदलला, चुना बदलला. सकाळी स्वच्छ, दुपारी दूध.

त्याने टाकीवाल्याला बोलावलं.

"काका, झाकण उघडं राहत असेल," टाकीवाला म्हणाला.

"टेप दिसत नाही का तुला? आंधळा आहेस की काय?"

टाकीवाल्याने डोकं खाजवलं. मग पेल्यात ताजी निवळी घेतली, त्यात एक बारीक नळी बुडवली आणि फुंकली. बुडबुडे आले आणि बघता बघता पेला पांढरा झाला.

"शाळेत केलं होतं ना? माणसाचा श्वास लागला की निवळी अशी होते. मग त्यातला चुना खडू होऊन खाली बसतो, कोरलला काही मिळत नाही. तुमच्या डब्यात कोणीतरी रोज फुंकतंय, काका!"

तो आपल्याच बोलण्यावर हसला.

मामा हसला नाही. घरात तो एकटाच होता.

दुसऱ्या दिवशी त्याने कवळीचं काम बाजूला ठेवलं आणि डब्यासमोर खुर्ची टाकून बसला. दुपार झाली. खालच्या रस्त्यावरची वर्दळ थांबली. पंप बंद होता. बटण जागेवर होतं.

बुड... बुड...

पंपाच्या तोंडातून दोन बुडबुडे वर आले.

मग एक लांब... बुडबुडबुड...

मग काही नाही.

मामाचा श्वास आपोआप थांबला. ते थांबणं तो ओळखत होता. किती वेळ गेला देव जाणे... आणि पुन्हा दोन आखूड, एक लांब.

पलीकडच्या टोकातून कोणीतरी नळीत श्वास सोडत होतं.

त्याने टाकीखालचं कपाट उघडलं. आत हौद, तारा, नळ्या. कोणी नव्हतं. त्याने नळीचं टोक बोटांत धरलं.

टोक कोमट होतं.

घाबरून पळाला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो तिथेच जमिनीवर बसून ढसाढसा रडला. "आलीस होय गं," एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून रोज दुपारी तो कपाटाचं दार उघडून समोर बसायचा आणि बोलायचा. अख्ख्या संसारात बोलला नव्हता तेवढं बोलायचा. कोणाची कवळी सैल झाली, शेजारीण कोणाशी भांडली, सगळं. समोरून उत्तर म्हणजे तेच... दोन आखूड, एक लांब.

इकडे प्रवाळ मरायला लागले. आधी टोकं पांढरी पडली, मग फांद्या. टाकीवाला आला आणि कपाळाला हात लावला.

"काकूंनी एवढ्याशा तुकड्यापासून वाढवलंय हे! काका, डोळ्यांदेखत घालवणार का तुम्ही?"

मामाला ते लागलं. त्याने नळीतल्या बुडबुड्यांचं सांगितलं, श्वासाचं नाही. टाकीवाला म्हणाला, हवा उलटी येत असेल, सोपं आहे. त्याने नळीत छोटी झडप बसवली. पाणी पुढे जाईल, उलटं काही येणार नाही.

निवळी स्वच्छ राहिली. संध्याकाळपर्यंत, दुसऱ्या दिवशीही. पुढे प्रवाळांना रंग चढायला लागला. फांद्यांना नवी टोकं आली. मामीच्या वेळी दिसायची तशी टाकी दिसू लागली.

आणि घरात चिडीचूप. दुपारी मामा कपाटासमोर बसायचा, एखादं वाक्य बोलायचा आणि थांबायचा. पलीकडून काही नाही. तो मला नंतर म्हणाला, "अगं, तिला जाळून आलो त्या दिवशीही घर एवढं रिकामं नव्हतं."

मग एका दुपारी नळी हलली.

आधी त्याला भास वाटला. मग कपाटातून बारीक आवाज आला. घुसमटल्यासारखा. नळी ताठ व्हायची, सैल पडायची... पुन्हा ताठ. झडपेपाशी काहीतरी जोर लावत होतं आणि त्याला पुढे जाता येत नव्हतं.

हा आवाजही मामाने ऐकलेला होता. त्या शेवटच्या दुपारी, पलंगाशी बसून.

त्याने कवळी तासायच्या अवजाराचं पातं उचललं आणि झडपेसकट नळीचा तो तुकडा कापून काढला. हात कापला, रक्त आलं, त्याला कळलंही नाही. "घे गं, घे," तो ओरडत होता, "घे श्वास, मी नाही बंद करणार, घे..."

डब्यात बुडबुड्यांचा लोट उठला.

हे सगळं त्याने मला सांगितलं तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं. एकटेपणाने डोक्यावर परिणाम झाला, असं मी आईलाही सांगितलं. मग सुट्टी काढून त्याच्याकडे गेले.

टाकीत सगळे प्रवाळ पांढरे पडले होते. एकही जिवंत नव्हता. तरी वरचा दिवा चालू होता आणि शेजारच्या डब्यात ताजी निवळी होती. मामाने मला खुर्ची दिली. बारीक झाला होता, पण चेहरा प्रसन्न. इतका प्रसन्न मी त्याला कधीच पाहिला नव्हता.

"बस. येईलच आता. तुझी आठवण काढत होतो आम्ही."

"मामा, डॉक्टरकडे चल माझ्यासोबत."

"शू... ऐक."

बुड... बुड...

पंपाची पिन भिंतीतून काढून ठेवलेली होती, मी आल्या आल्या पाहिली होती. आणि डब्यात बुडबुडे येत होते. दोन आखूड. एक लांब. निवळी माझ्यासमोर पांढरी होत गेली.

मी मामाकडे पाहिलं, त्याने काहीतरी बोलावं म्हणून.

तो डोळे मिटून शांत बसला होता. त्याची छाती हलत नव्हती.

बुडबुडे थांबले... आणि मामाने श्वास घेतला. पुन्हा बुडबुडे आले... मामाची छाती स्थिर. मी हाक मारली, खांदा गदागदा हलवला. बुडबुडे थांबल्यावरच त्याने डोळे उघडले.

"असं काय करतेस वेड्यासारखी?"

"मामा, तू श्वास घेत नव्हतास."

"तिची पाळी होती ना," तो सहज म्हणाला.

त्याला माझ्या घरी घेऊन जायचा मी खूप हट्ट केला, पण तो ऐकेना. आता रोज दुपारी मी त्याला फोन करते. तो उचलतो, "बरं आहे" म्हणतो. मग गप्प होतो, श्वासही ऐकू येत नाही.

आणि रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त वेळ गप्प राहतो.