चारशे अकरा होकार

चारशे बारा मुलांच्या लाळेचे चारशे बारा नमुने, आणि सगळे कोरे. डॉ. ढमढेऱ्यांनी पहिला संशय घेतला तो यंत्रावर. यंत्र उलट बोलत नाही, त्यामुळे बिघडण्याचा मान आधी त्यालाच मिळतो.

“रसायन शिळं झालं असेल.”

“दोनदा बदललं,” शर्वरी म्हणाली. “आणि हा तुमचा नमुना बघा. मागच्या महिन्यात स्वयंसेवक म्हणून पट्टी लावून घेतलीत ना? तुमची खूण स्वच्छ दिसतेय. यंत्र बरं आहे.”

ढमढेरे पालिकेचे आरोग्य अधिकारी. शर्वरी नाडगौडा विषाणुसंस्थेतली मुख्य संशोधक. सप्तर्षी संकुलात वाटलेली पसरती लस हे तिच्या आठ वर्षांच्या कामाचं फळ, आणि ती स्वतः राहायलाही तिथेच होती. सात मनोरे, एक ते पाच वर्षांची चारशे बारा मुलं. कर्णज्वर शहरात शिरायच्या आधी, डिसेंबरात, तिथे लस घरोघरी पोचली होती. आता फेब्रुवारी होता आणि संकुलातली चार मुलं इस्पितळात होती. कर्णज्वराचा ताप आठवड्यात उतरतो. उतरताना पुष्कळदा एखादा कान घेऊन जातो.

“दुपारी मला आयुक्तांसमोर बसायचंय,” ढमढेरे खुर्ची ओढत म्हणाले. “त्यांचा विषय अर्थशास्त्र. लस शरीरात पसरते की सोसायटीत, इथपासून विचारतील. मला एकदा सोपं करून सांगा.”

“कर्णज्वराचाच विषाणू, पण दात काढलेला. पट्टीवरच्या सूक्ष्म सुयांमधून तो मुलाच्या दंडात जातो. ते मूल म्हणजे शून्यपिढी. चौथ्या दिवसापासून तिसरा आठवडा संपेपर्यंत ते मूल खेळताना, उष्टं खाताना हा विषाणू दुसऱ्या मुलांना देतं. त्यांना रोग होत नाही, संरक्षण मात्र मिळतं. ती पहिली पिढी. त्यांच्याकडून दुसरी, मग तिसरी. तिसरीनंतर तो स्वतःची नक्कल करू शकत नाही. तिथे संपतो.”

“आणि प्रत्येक उडीला तुमची ती पिढीखूण.”

“हो. तीन महिने लाळेत दिसते. कुठलं मूल कितव्या पिढीतलं, ते कळतं.”

“म्हणजे सगळ्यांना पट्टी लावायची गरजच नाही.”

“सातांत एकाला लावली तरी पुरते. वर्षाखालच्या बाळांना पट्टी सोसत नाही. त्यांना भावंडांकडून, शेजाऱ्यांकडून मिळावी, म्हणून तर एवढा खटाटोप केला.”

ढमढेऱ्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. “साठ पोरांना लावली असती तरी निभावलं असतं. तुमच्याकडे होकार किती?”

“चारशे अकरा.”

“आणि तो एक नकार कुणाचा?”

“तळवलकर काका. तिसरा मनोरा.”

भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक तळवलकर वर्षभर प्रत्येक सभेत उभे राहून एकच गोष्ट बोलत आले होते. “लस वाईट आहे असं मी म्हणतच नाही. पण शेजारच्या पोराची लस माझ्या नातवाच्या तोंडात मला न विचारता शिरणार, हे कुठल्या कायद्यात बसतं?” संकुल त्यांना अडाणी म्हणत असे. त्यांनी नकारावर सही करून तिच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. बाकीच्या चारशे अकरा मुलांच्या घरांनी पट्टी घेतली आणि संकुलाच्या ॲपवर ‘लावली’ असं बटण दाबलं. कुणी बघायला येणार नव्हतं. सुशिक्षित लोकांच्या घरात डोकावू नये, असं शर्वरीनेच योजनेत लिहिलं होतं.

“मग पट्ट्याच खराब.”

“त्याच पेटीतली तुम्हाला लावली.”

ढमढेऱ्यांनी पडद्यावरची यादी खालपर्यंत सरकवली. मग सहज विचारावं तसं म्हणाले, “निदान तुमच्या मुलीचा नमुना तरी शून्यपिढीचा यायला हवा होता. कितवा आहे तिचा?”

नमुन्यांवर नावं नव्हती, आकडे होते. शर्वरीला एखादा आकडा ठोकून देता आला असता.

“दोनशे सात,” ती म्हणाली.

ढमढेऱ्यांनी पडद्यावर दोनशे सात शोधला. मग तिच्याकडे पाहिलं. “अस्सं,” म्हणाले, आणि चष्मा काढून मिटून ठेवला.

रेवतीची पट्टी फ्रिजच्या दारात, लोण्याच्या कप्प्यात होती. नवऱ्यावर ढकलायचीही सोय नव्हती. अद्वैतने दोनदा विचारलं होतं, “लावायची ना गं?” दोन्ही वेळा ती “रविवारी” म्हणाली होती. पट्टी लावलेल्या मुलाला दोन दिवस सणसणून ताप येतो आणि दोन हजारांत एखाद्याला झटका. उडी मारून आलेली लस मिळालेल्याचं नुसतं नाक वाहतं. माहितीपत्रकात हे तिनेच ठळक अक्षरांत छापून घेतलं होतं. लोकांपासून काही लपवायचं नाही, हा तिचा बाणा. लोकांनी ते वाचलं. रात्री रेवतीला थोपटताना तिनेही वाचलं. चारशे दहा मुलं शून्यपिढी होणार, तर आपल्या एकीने पहिली पिढी व्हायला काय हरकत? उगाच दोन रात्री तळमळायची ती. हिशेबात चूक काढायला जागा नव्हती, म्हणूनच तो तिला इतका चिकटला.

मग संक्रांतीनंतर तिने रेवतीचं बोरन्हाण घातलं. पोर साडेतीन वर्षांची; बोरन्हाण पहिल्या वर्षीच करतात, पण पाचापर्यंत चालतं, असं तिने सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्यांना सुनेच्या या धार्मिक वळणाचं नवल वाटलं, पण त्यांनी हलव्याचे दागिने पाठवून दिले. शर्वरीने चाळीस पोरं बोलावली. चाळिसांत तीस तरी शून्यपिढी असतीलच, असा तिचा अंदाज. काळ्या फ्रॉकातल्या रेवतीच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, शेंगा, उसाचे करवे ओतले आणि पोरं झुंबड करून तुटून पडली. एकाने चोखून टाकलेला करवा दुसऱ्याने उचलला, तिसऱ्याच्या तोंडातली गोळी रेवतीच्या तोंडात गेली. चारचौघींनी “शी शी” करून पोरं आवरावीत, तर एकही आई जागची हलली नाही. बोलावलेल्यांतलं कुणी चुकलं नव्हतं, न बोलावलेली आठ आली होती. आपण एवढे लोकप्रिय कधी झालो, असा प्रश्न शर्वरीला पडायला हवा होता. तिचं लक्ष उसाच्या करव्यांकडे होतं.

आयुक्तांकडे निघताना ढमढेऱ्यांनी तिला इस्पितळाशी सोडलं. बालरुग्ण विभागाबाहेरच्या बाकावर तिच्याच मनोऱ्यातली अन्विता बोंगाळे बसली होती, मांडीवर पाच महिन्यांची तान्ही. आत तिचा चार वर्षांचा शौनक होता. त्याचा डावा कान सकाळीच तपासून झाला होता.

“नाही म्हणाले,” अन्विता म्हणाली. “उजवा चांगला आहे पण.”

शर्वरी शेजारी बसली. तिने बाळाचा पायमोजा सारखा केला.

“शर्वरीताई, एक विचारू? रागावू नका.”

“विचार ना.”

“रेवूची पट्टी खराब निघाली का हो?”

“का गं?”

“आम्ही आलो होतो ना बोरन्हाणाला. शौनक दोन तास होता. तिच्याच ताटलीत जेवला, मी मुद्दाम बसवलं होतं शेजारी.” अन्विताने बाळाच्या तोंडातली मूठ काढली. “आमची पट्टी ठेवून दिली आम्ही. खोटं कशाला बोलू आता. जवळजवळ सगळ्यांनीच ठेवली. बायकांच्या गटावर बोलणं झालं होतं, तुम्ही नाही त्या गटावर. म्हटलं, दुसऱ्या कुणाचा काय भरवसा, लोक खोटं बटण दाबतात. पण जिने लस काढली, तिने लेकीला लावली नसेल असं कसं होईल? तुमचं बोलावणं आलं तेव्हा आम्ही म्हटलं, बाई मोठ्या मनाची आहे. वाटायलाच बोलावलंय.”

अठ्ठेचाळीस पोरं. जिच्या लेकीकडून घ्यायला सगळी आली होती, तिने त्यांच्याकडून घ्यायलाच त्यांना बोलावलं होतं. तिच्या हॉलमध्ये दोन तास उष्ट्याची एवढी देवघेव झाली आणि देणारं कुणीच नव्हतं. अन्विताने शौनकला मुद्दाम शेजारी बसवलं, तेव्हा शर्वरीनेही रेवतीची ताटली हळूच त्याच्याकडे सरकवली होती.

“पट्टी खराब नव्हती,” ती म्हणाली.

अन्विता पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिली. ते यायच्या आत परिचारिकेने तिला आत बोलावलं.

संध्याकाळी ढमढेऱ्यांचा फोन आला. “उद्या सकाळी क्लबहाउसात सगळ्यांना बोलावलंय, पट्ट्या घेऊन. तुम्ही एवढंच सांगा की मुलीला लावली, दोन दिवस ताप आला, गेला. दोनशे सात नंबर कुणाचा ते मला आठवत नाही. लोकांचा विश्वास बसेल.”

“विश्वास बसलेलाच आहे, सर. म्हणून तर कुणी लावली नाही.”

“मग लावली नाही म्हणून सांगणार? म्हणतील, बाईला लशीतलं काहीतरी वाईट ठाऊक आहे.”

“वाईट काय आहे ते पत्रकात छापलंय. त्याहून जास्त मलाही ठाऊक नाही. तेच सांगते.”

“तुमची नोकरी जाईल, बाई.”

“जाऊ दे,” असं म्हणण्याएवढी ती धीट नव्हती. तिने फोन ठेवला.

रविवारी सकाळी क्लबहाउस भरलं. अन्विता मागच्या भिंतीशी बाळाला घेऊन उभी होती. शौनकजवळ त्याचे बाबा होते. शर्वरीने रेवतीला कडेवर घेऊन माईक धरला. बोरन्हाण का घातलं तेही सांगितलं, काही गाळलं नाही. शेवटी म्हणाली, “ॲपवर चारशे अकरा आहेत. खरे शून्य. पहिली खोटी मी.”

कुणी ओरडलं नाही. ओरडायला तोंड लागतं, आणि तिथल्या बहुतेकांची पट्टी आपापल्या फ्रिजात होती. फक्त पुढच्या रांगेतल्या एका बाई पुटपुटल्या, “आणि आम्हाला पत्रकं वाटत फिरत होती.”

शर्वरीने रेवतीची बाही वर केली आणि पट्टी दाबली. रेवती किंचाळून रडली. ढमढेऱ्यांनी वेळ लिहून घेतली.

आणि मग शर्वरीच्या डोळ्यांसमोर सभा सैल झाली. खुर्च्या सरकल्या. लोकांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान आलं.

“झालं बाई एकदाचं,” त्याच पुढच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या. “चौथ्या दिवसापासून ना? म्हणजे गुरुवार. गुरुवारी रेवूला बागेत पाठवा हं. मी शिरा करून आणते, सगळी एका ताटात बसवू.”

“आमच्याकडेही पाठवा,” मागून कुणीतरी म्हणालं. पट्ट्या पुन्हा पर्समध्ये जाऊ लागल्या.

शर्वरीला त्यांचा राग येईना. त्यांच्या जागी ती असती, तर शिऱ्यात केळंही घातलं असतं. एवढ्या मेहनतीने तिने अशी लस केली होती, की एकाने सोसलं म्हणजे सहांची सुटका. आणि प्रत्येकाला त्या सहांतलाच एक व्हायचं होतं. गुणच तिच्या आड येत होता. तो गुण काढून टाकल्याशिवाय कुणी हात पुढे करणार नव्हतं, आणि तो काढायला प्रयोगशाळा लागत नव्हती.

“रेवती बागेत येणार नाही,” ती म्हणाली. “आजपासून तीन आठवडे आमचं दार बंद. लिफ्ट नाही, शाळा नाही, वाढदिवस नाही.”

“म्हणजे पसरणारी लस काढलीत आणि आता कडी घालून बसणार?”

“हो.”

“हा सूड झाला, डॉक्टर.”

“ज्यांना पट्टी लावता येते त्यांनी लावावी. वर्षाखालच्या बाळांना लावता येत नाही, त्यांच्यासाठी गुरुवारपासून दार उघडं. बाळ आणि आई. मोठं भावंड आणलंत, तर दारातून परत पाठवीन.”

तळवलकर उठले. “माझ्या नातवाला तुमच्या मुलीकडून काहीही मिळणार नाही?”

“नाही.”

“लेखी द्याल?”

“देते.”

तळवलकरांनी क्षणभर विचार केला. वर्षभर पाळलेली हरकत पायाखालून निघून गेल्यावर माणूस उभा राहतो तसे ते उभे होते. “मग माझं भांडणच संपलं,” ते म्हणाले, आणि नातवाला पुढे घेऊन त्यांनी त्याची बाही वर केली. त्यांच्याकडे पट्टी नव्हती. शिऱ्याच्या बाईंनी चटकन पर्समधून आपली काढून दिली. देताना त्यांना हायसं वाटल्याचं स्पष्ट दिसलं. ढमढेऱ्यांनी तितक्याच चटकन पेटीतली नवी काढून बाईंच्या हातात ठेवली.

“आमचंही दार तीन आठवडे बंद,” तळवलकर नातवाचे डोळे पुसत सभेला म्हणाले. “माझ्या नातवाची लस मी कुणावर लादणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.”

शून्यपिढीची दोन मुलं झाली, आणि दोघांच्या दाराला कडी. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणाचं दार उघडं राहील याचा अंदाज घेता घेता प्रत्येकाला तेच उत्तर मिळत गेलं असावं. शिऱ्याच्या बाईंनी हातातली पट्टी उलटसुलट केली, मुलीला जवळ ओढलं आणि तोंड फिरवून दाबली. तिच्या रडण्यावर दुसरं रडं सुरू झालं. ढमढेऱ्यांपुढे रांग लागली आणि तासाभरात ते क्लबहाउस एखाद्या बालवाडीच्या पहिल्या दिवसासारखं हंबरू लागलं. एकावन्न, बावन्न, ढमढेरे लिहीत होते. साठाच्या पुढेही रांग संपली नाही.

रेवती रडून रडून शर्वरीच्या खांद्यावर झोपली होती. दंड आत्ताच गरम लागत होता.

गर्दीतून वाट काढत अन्विता पुढे आली. तिला रांगेत उभं राहायचं नव्हतं. तिच्या एका मुलाला आता पट्टी नको होती आणि दुसऱ्याला लावता येत नव्हती. ती शर्वरीच्या समोर येऊन थांबली. बाळ टक लावून रेवतीकडे पाहत होतं.

“अन्विता, त्या दिवशी मी...”

“ते राहू दे,” अन्विता म्हणाली. तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. “गुरुवारी किती वाजता येऊ?”