निशीसाठी दिलेल्या आठवणी

काचेपलीकडच्या खाटेवर दौलत चौगुले आडवा पडला होता. डोक्यावर संवेदकांची जाळी. एवढा दांडगा गडी, पण डोळे मिटून लहान पोरासारखा हमसून हमसून रडत होता.

"आता कुठली आठवण चालू आहे?" डॉ. तांबोळींनी विचारलं. निशिकांत मगदूमच्या मेंदूवरची शस्त्रक्रिया त्यांनीच केली होती.

"अपघाताची," स्मृतिरोपणाच्या प्रमुख डॉ. इरावती शिरगावकर म्हणाल्या. "मी नको म्हटलं होतं. पण हट्टाला पेटलाय. निशीचं जे जे आहे ते सगळं घ्या म्हणतो."

कोल्हापुरात स्वतः गाडी हाकणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. बाकीच्यांच्या गाड्या स्वयंचल. बसायचं, पत्ता सांगायचा आणि डुलक्या काढायच्या. चक्रधर क्लबची मंडळी मात्र दर रविवारी जुन्या पेट्रोलच्या गाड्या घेऊन घाटात जायची. त्यांचा एक रिवाज होता. परतताना मिसळ खायला बसलं की स्वतःबद्दल चकार शब्द काढायचा नाही, दुसऱ्याचंच सांगायचं. फुशारकी मारणाऱ्यानं सगळ्यांच्या गाड्या धुवायच्या. त्यामुळे निशीनं कुठलं वळण कसं मारलं, बायकोला कुठली थाप मारून आला, हे दौलतसकट बाकीच्यांना तोंडपाठ होतं. त्याच घाटात ब्रेक निकामी होऊन निशीची गाडी दरीत गेली. जीव वाचला, पण स्वतःचं नावसुद्धा आठवेल इतकीही स्मृती उरली नाही. म्हणून मित्रांच्या आठवणीतला निशी त्याच्या मेंदूत रुजवायचं ठरलं होतं.

"रिकाम्या जागी दुसऱ्याची आठवण रुजते, हे मान्य," तांबोळी म्हणाले. "पण या आठवणीत स्टिअरिंगवर दौलत आहे. निशी पुढच्या गाडीत. ती बसायची जागा बदलता येते?"

"नाही. जिथून पाहिली, तिथूनच रुजते. त्या वेळी जे वाटलं, त्याच्यासकट."

"मग यातला 'मी' कोण, हे त्याला कसं कळणार?"

"मेंदू स्वतःला शोधून काढतो. उंदरांच्या मेंदूनं काढलं होतं."

"उंदरांना विचारायला कोण गेलं होतं, बाई?"

इरावती हसल्या आणि पुढची नोंद सुरू केली.

निशीची बायको गार्गी रोज त्या काचेशी येऊन बसायची. तिला सातवा महिना होता. "माझ्याही आठवणी घ्या ना," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. पण दौलतनं ऐकून घेतलं नाही.

"अजिबात नाही, वहिनी! एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा जगावी लागते, अंगातलं त्राण जातं. आम्ही काय मेलोय काय?"

सगळ्या क्लबनं तेच लावून धरलं. किती प्रेमानं लावून धरलं! कुणी कामावर रजा टाकली, कुणाला ओकाऱ्या झाल्या, यासीन अत्तार तर आठवडाभर झोपेतून ओरडत उठायचा. पण एकही जण मागे हटला नाही.

"मला एवढंच हवंय," गार्गी म्हणाली, "त्यानं मला ओळखावं. बाळाला बाप हवा."

रोपण झालं. निशी जागा झाला तेव्हा नियमाप्रमाणे आधी स्मृतिदाते आत गेले. गार्गी काचेबाहेर उभी होती; आतलं बोलणं तिला ऐकू येत होतं.

"दौलत्या, लेका, रडतोस काय असा?" निशी म्हणाला, आणि आत एकच जल्लोष झाला. यासीननं त्याचे मुके घेतले.

चहा आला. "बिनसाखरेचा दे रे," निशी म्हणाला. गार्गी चपापली. मधुमेह दौलतला होता. निशी तीन चमचे साखर घ्यायचा. मग तो हसला, ते नाकातून फुर्र करत, हुबेहूब यासीनसारखा. आपल्याला काय झालं, पाय का हलत नाही, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. गप्पा मारता मारता मध्येच थांबायचा आणि सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहायचा. कुणीतरी कमी आहे, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

डॉक्टरांनी खूण केली. ती आत गेली.

तिला पाहताच निशीचा चेहरा पार बदलला. डोळे भरून आले. ओळखलं! दौलतनं मोठ्यानं देवाचं नाव घेतलं. गार्गी धावतच खाटेजवळ गेली आणि तिनं त्याचा हात धरला.

निशीनं मान खाली घातली.

"वहिनी," तो म्हणाला, "कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला?"

"आम्ही सगळे होतो हो तिथं. दरीत उतरलो, पत्रा वाकवला, त्याला बाहेर काढला. माझ्याच मांडीवर डोकं होतं त्याचं. श्वास लागेना. मला कळलं, गेला. तुमचंच नाव घेत होता, वहिनी. शेवटपर्यंत."

दौलत भिंतीला टेकून खाली बसला. त्या मांडीवरचं ते ओझं त्याचं होतं, आणि त्या क्षणी निशी गेला असंच त्याला वाटलं होतं.

"निशी," गार्गी कशीबशी म्हणाली, "अरे, माझ्याकडे बघ तरी."

त्यानं तिच्या हातातून आपला हात हळूच, अदबीनं सोडवून घेतला. तिच्या पोटाकडे पाहिलं आणि डोळे पुसले.

"बाळाची काळजी करू नका," तो म्हणाला. "त्याला बापाची उणीव भासू देणार नाही आम्ही. आणि यासीन, वहिनींना एकटं नको पाठवू रे. घरापर्यंत सोडून ये."