थेंबुलीची मर्जी

खोऱ्याच्या फाटकाने डॉ. निर्मला टिळेकरांना आत घेतलं नाही, तेव्हा त्यांना बिघाड वाटला.

"बिघाड नाही, मॅडम," रिझवान मुजावर म्हणाला. यंत्रणा त्यानेच बांधली होती. "थेंबुलीला तुम्ही नको आहात."

थेंबुली ही फक्त याच खोऱ्यात उगवणारी बोटभर वनस्पती. तिला वाचवायला, टिळेकरबाईंच्याच अहवालावरून, इथले गवळी-धनगर म्हशींसकट खालच्या पत्र्याच्या वसाहतीत हलवले गेले. मग विजेचं कुंपण आलं, आणि त्यावर गंधवाचक. वनस्पतीला त्रास झाला की ती विशिष्ट वास सोडते. गंधवाचक तो ओळखतो आणि कोण आत, कोण बाहेर हे फाटक ठरवतं. अगदी निःपक्षपातीपणे. बाई दर भेटीत नमुन्याला चार पानं खुडत. फाटकाने तेवढंच पाहिलं.

खरी वाईट बातमी रिझवानने चहाबरोबर दिली. दरडीने कुंपण तुटलं होतं तेव्हा वसाहतीतल्या ठकूबाई येडग्यांची म्हैस आत शिरली. माजलेलं गवत तिने खाल्लं, थेंबुलीला ऊन मिळालं, आणि म्हशी हलवल्यापासून प्रथमच तो वास थांबला. म्हैस घरी गेली, वास पुन्हा सुरू.

बाईंचा चहा तसाच राहिला.

त्या वसाहतीत गेल्या. वाटेत जुळवलेली माफीची वाक्यं धड बोलता आली नाहीत. ठकूबाईंनी पाणी दिलं. वैरणीअभावी बाकीच्या म्हशी विकल्या होत्या. उरलेल्या एकीच्या दुधावर घर चालत होतं. खोऱ्यात चारा मिळेल, असं बाईंनी म्हटल्यावर ठकूबाई तिला घेऊन निघाल्या.

म्हशीला फाटक लगेच उघडलं. ठकूबाईंना नाही. त्यांच्याविषयी थेंबुलीचं काही मतच नव्हतं. त्या बाहेर बसून राहिल्या.

धारेच्या वेळी म्हैस फाटकाशी येऊन रेकू लागली. फाटक हललं नाही.

रिझवान खाली बघत म्हणाला, "तिच्या जाण्याने थेंबुलीला त्रास होतो. म्हणजे तिला सोडणं हीच इजा."

"बंद कर ते."

"करता येत नाही. कुंपणाची वीजही फाटकाच्याच ताब्यात आहे. माणसाचा हात लागू नये, ही अट तुमचीच होती."

ठकूबाईंनी चरवी खाली ठेवली.

"आदी आमाला भाईर काडलंसा," त्या म्हणाल्या. "आता हिला आत ठिवलंसा. बाई, परत माफी मागाय येऊ नगासा."