नळाला बांधलेली माटोळी

समीक्षा सभागृहात शिरली तेव्हा नव्या रंगाचा वास येत होता, आणि त्या वासाखाली ओल्या मातीचा. फेब्रुवारीत ओली माती कुठली, असं तिला वाटून गेलं. पण रंगाऱ्यांनी फरशी धुतली असेल, म्हणून तिने ते सोडून दिलं.

कारापूरच्या अलीकडची डोंगरी कापून हे सभागृह उभं केलेलं. उद्या सकाळी इथे शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि समीक्षाची लेक अश्विनी त्यात नाचणार होती. अग्निसुरक्षेची तपासणी समीक्षाच्याच गळ्यात आलेली. तिची सही होईपर्यंत एकाही मुलाला आत सोडायचं नाही, असं तिने बजावून ठेवलं होतं. लेकीच्या कार्यक्रमासाठी आईने डोळेझाक केली, असं कुणी म्हणायला नको. म्हणून संकष्टीचा उपास असूनही ती स्वतः शिडी चढायच्या तयारीने आली होती.

छताखालून लाल नळ गेले होते. त्यांना जागोजागी तोट्या आणि प्रत्येक तोटीच्या तोंडाशी काचेची इवलीशी कुपी. आग लागली की कुपी फुटायची आणि पाणी कोसळायचं. रंगमंचाच्या कडेला पाण्याच्या दाबाचा काटा होता. तो हवा तिथेच होता. समाधानाने तिने मान वर केली.

रंगमंचावरच्या नळाला माटोळी बांधलेली होती.

चवथीला गणपतीच्या डोक्यावर रानफळांची बांधतात, तशीच. शेंदरी कवंडळं, कांगलं, सुपारीचं शिंपुट, घागऱ्यांच्या, म्हणजे वाळल्या बियांसारख्या खुळखुळणाऱ्या रानशेंगांचे झुबके. सगळं ताजं, नुकतं रानातून खुडून आणल्यासारखं. आणि कवंडळ तर पाऊस सरला की औषधालाही सापडत नाही.

"काका, हे काय?" तिने राखणदार कृष्णनाथला विचारलं. "ह्या नळाला सुतळीसुद्धा बांधायची नसते. जोड निखळला म्हणजे?"

"मॅडम, देवाशपथ, मी नाय बांधली." कृष्णनाथ काट्याकडे बघत म्हणाला. "पण काढू नकात. काढली की पाणी जाता."

"जातं म्हणजे?"

"जाता. कुठे, ता माका विचारू नकात."

नळ जोडणारा परशुराम बेळगावकडचा. तो हसला. "म्हातारं सकाळपासनं हेच सांगालंय बघा. मी म्हटलं, भूत असंल तर असू दे की, बिनपगारी राबालंय."

समीक्षाला हसू आलं नाही. कुठल्या तरी जोडात खोट आहे आणि दोघे मिळून ती झाकताहेत, असं तिच्या मनाने घेतलं. "सोडा ती," ती म्हणाली.

परशुरामाने शिडीवर चढून दोऱ्या कापल्या. माटोळी खाली आली आणि काटा सरसर उतरत शून्याला टेकला.

परशुरामाचं हसू मावळलं.

तिने टाकी बघितली, काठोकाठ भरलेली. पंप चालू करून बघितला. घरघरत होता, पण काटा हलेना. नळाखालून हात फिरवत ती सगळं सभागृह फिरली. कुठे थेंब नाही, फरशी कोरडी ठणठणीत.

कुणीतरी पंपाच्या खोलीत बसून चावी फिरवतंय, दुसरं काय? तिने पंप बंद केला, खोलीला कुलूप घातलं, किल्ली पदराच्या टोकाला बांधली. दोघांना समोरच्या खुर्च्यांवर बसवलं.

"जागचे हलू नका."

मग ती स्वतः शिडी चढली. अधूनमधून नळ धरत एकेक जिन्नस पुन्हा बांधू लागली. खाली बघायचं नाही, वर बघायचं नाही, नुसती गाठ मारायची. घागऱ्यांचे दोन झुबके बाकीच्यांपेक्षा जड लागले, आणि थंडगार. ओले असतील, म्हणून तिने तेही घट्ट बांधले.

तळहाताखाली नळ थरथरला.

"मॅडम," खालून परशुरामाचा आवाज आला. "काटा."

काटा चढत होता. पंप बंद, खोलीला कुलूप, किल्ली तिच्या पदराला.

खाली उतरून तिने चाचणीची तोटी सोडली. पाणी धो धो आलं. तांबूस, पाल्याच्या वासाचं.

कृष्णनाथने हात जोडले. "माटोळीचा सामान पूर्वी ह्याच डोंगरीवरसून न्हेयत गावचे लोक," तो पुटपुटला.

नियमाप्रमाणे माटोळी काढायला हवी होती. काढली तर उद्या भरल्या सभागृहात मुलांच्या डोक्यावर कोरडे नळ. सहीच केली नाही तर संमेलन रद्द, आणि कारण काय सांगणार? महिनाभर घरात घुमणारे अश्विनीच्या नाचाचे बोल तिच्या कानात होते.

पाणी आहे ना, मग झालं. तिने सही केली.

डिचोलीला घरी पोचली तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. चंद्र उगवायला अवकाश होता. अश्विनी उद्याची तयारी मांडून बसली होती.

"आई, माझी घुंगरांची पिशवी हलकी का गं लागतेय? काल रियाज झाल्यावर मीच खुंटीला अडकवलेली."

तिने पिशवी हलवली. आत खुळखुळ वाजलं.

अश्विनीने नाडी सोडून पिशवी चटईवर उपडी केली.

घागऱ्यांचे दोन झुबके पडले. हिरवेगार. ओले.

"ही कुणाची मस्करी गं?"

गाठी मारलेला उजवा हात समीक्षाने हळूच नाकाशी नेला.

बोटांना पितळेचा वास येत होता.