ब्रह्मपुरीच्या उन्हातला जांभळा

ब्रह्मपुरीचं नाव पुण्या-मुंबईच्या पेपरात वर्षातून एकदाच येतं. मे महिन्यात, तापमानाच्या आकड्यासह. त्या आकड्याच्या दिवशी, भर दुपारी अडीच वाजता, शहाणी माणसं कूलरसमोर आडवी झालेली असताना रीता मंडल लटारूभाऊंच्या स्टेशनरीच्या दुकानात भांडायला शिरली.

लटारूभाऊ नेमके लग्नाला गेले होते. काउंटरवर त्यांचा मुलगा निकेश होता. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेला, आणि त्यामुळे दुकानात बसलेला.

तिने पिशवीतून एक चित्र काढून त्याच्यासमोर आपटलं. निकेशने ते सरळ पाहिलं, मग मान तिरकी करून पाहिलं, आणि मनापासून म्हणाला, "पानं मस्त काढली मॅडम."

"ते फूल आहे."

"कुठी?"

"जानेवारीत होतं."

रीता मुलचेऱ्याकडच्या बंगाली निर्वासितांच्या गावातली. ब्रह्मपुरीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. घरी बंगाली बोलायची, शाळेत मराठी, आणि रागात जी आधी सापडेल ती. दोन वर्षं सुट्ट्यांमध्ये जंगल पालथं घालून तिने बारा रानफुलांची जलरंगातली चित्रं केली होती. तलावाकाठच्या निसर्ग माहिती केंद्रात ती लागली, तेव्हा तिचं नाव पहिल्यांदा एखाद्या भिंतीवर चढलं. त्या भिंतीवर दिवसभर ऊन यायचं. चार महिन्यांत जांभळा पार उडाला. लाल आजाऱ्याच्या ओठांसारखा झाला. हिरवा मात्र सरकारी नोकरीत असल्यासारखा जागचा हलला नाही. केंद्रात येणारे लोक आता विचारू लागले होते, की आपल्या जंगलात फुलंच नसतात का.

यावर केंद्राचे अध्यक्ष गुणवंतराव यांनी तोडगा काढला होता. आठ जूनपर्यंत रंग सुधारले नाहीत, तर त्या दिवशीच्या कार्यक्रमाला ही चित्रं उतरवायची आणि तिथे फ्लेक्स लावायचा. फ्लेक्सवर इंटरनेटवरून उतरवलेली ट्युलिपची फुलं होती. ट्युलिप आपल्या झाडीपट्टीत कुठे उगवते, असं रीताने विचारलं, तर म्हणाले, "दिसते तर चांगली."

"आणि हे रंग तुमच्याच दुकानातले आहेत, भाऊ," रीता म्हणाली. ब्रह्मपुरीत दुकानदाराला भाऊच म्हणतात. त्यात माया असतेच असं नाही.

निकेशने जांभळ्याची ट्यूब उचलून उलटी केली. "मागं बारीक अक्षरात लिहून राह्यते मॅडम. रंग टिकते का नाई, त्याच्या चांदण्या असते. तीन म्हणजे पक्का. ह्याले एकच आहे."

"मग विकता कशाला?"

"दिसते चांगला."

रीताने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याने ट्यूब हळूच खाली ठेवली. "तुम्ही गुणवंतरावांचे कोण?"

"कोणी नाई..."

"वाटत नाही."

त्याने ट्यूब पुन्हा उचलून उजेडात धरली. मग म्हणाला, "खरं सांगू का? त्या चांदण्याही थंड देशाच्या. तिकडचं ऊन म्हणजे आपली संध्याकाळ. आपल्या उन्हात कोणता रंग टिकते, हे कोणी पाह्यलंच नाई. दुकानात जेवढे लाल, जांभळे, हिरवे आहेत, सगळ्याइच्या पट्ट्या काढा. अर्धी पट्टी काळ्या कागदानं झाका, अर्धी उघडी. आमच्या स्लॅबवर ठेवू."

"मी प्रयोग करायला नाही आले. भांडायला आले."

"वरतीही भांडता येते. पायऱ्या तिकडून आहेत."

स्लॅबवर जागा नव्हती. निकेशची आई मनकर्णाबाई यांनी तिथे कुरड्या, पापड आणि सांडगे वाळत घातले होते. त्यांनी रंगाच्या पट्ट्यांकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग या रागीट बाईकडे. कुरड्यांची एक साडी गोळा केली आणि जागा करून दिली. तीन लाल, चार जांभळे, दोन हिरवे, आणि कडेला एक निळा, कुरड्यांच्या शेजारी उन्हात निजले.

मग रीता रोज चार वाजता येऊ लागली. पट्टीवरचा कागद उचलायचा, झाकलेला रंग आणि उघडा रंग शेजारी शेजारी पाहायचे, वहीत लिहायचं. दोघांची डोकी एकाच पट्टीवर वाकायची. सिमेंट इतकं तापलेलं असायचं, की उकिडवं बसून पाय बदलत राहावं लागे. अशा वेळी एखाद्याचा तोल जातो, आणि कुणाचा तरी हात कुणाच्या तरी मनगटावर येतो. पहिल्यांदा निकेश "सॉरी" म्हणाला. दुसऱ्यांदा ती म्हणाली. तिसऱ्यांदा हात जरा उशिरा निघाला.

"बाई, तुमचे हे पापड केव्हा वाळन?" मनकर्णाबाईंनी एक दिवस विचारलं.

"ते पापड नाहीत काकू. लागलीच वाळतात."

"मंग रोज काऊन पाहाले येता?"

रीताने बंगालीत काहीतरी पुटपुटत पुढच्या पट्टीवरचा कागद उचलला.

सहाव्या दिवशी ती पाय आपटत वर आली. "आत्ता खाली एका मुलीला तोच जांभळा विकलात तुम्ही. मी पाहिलं."

"ते पोरगी वहीत काढते मॅडम. वही मिटली का ऊन लागत नाई."

"म्हणजे तिने काढलेलं कधी भिंतीवर लागणारच नाही, हे तुम्ही ठरवून टाकलं. दुकानात बसल्या बसल्या." तिने हातातली वही मिटली. "मलाही कोणी तरी असंच ठरवून विकला असेल."

दुसऱ्या दिवशी फळीवर जांभळा नव्हता. त्या जागी पुठ्ठा होता: 'जांभळा मिळणार नाही. कारण विचारू नये.' लग्नाहून परतलेले लटारूभाऊ पुठ्ठ्यासमोर बराच वेळ उभे होते. "पोट्टं बिघडलं," ते बायकोला म्हणाले. मनकर्णाबाई म्हणाल्या, "आत्ता कुठं सुधरून राह्यलं."

रीताने पुठ्ठा वाचला. "पाणी आहे का प्यायला... निकेश?" ती म्हणाली.

'भाऊ' गळालं होतं. त्याच्या लक्षात आलं. पेला भरताना अर्धं पाणी बाहेर गेलं.

बाराव्या दिवशी निकाल लागला. चारही जांभळे नापास. दोन लाल नापास. टिकला एक गुलाबीकडे झुकणारा लाल, दोन्ही हिरवे, आणि निळा. टिकलेल्या लालात निळा घालून रीताने अकरा चित्रांतली फुलं पुन्हा उभी केली. अडली ती रुई. रस्त्याकडेला ट्रकची धूळ खात फुलणारी, राखेत बुडवल्यासारखी जांभळी. निळ्याने होणारा जांभळा तिच्यावर नव्या शालूसारखा बसत होता.

"नुसत्या लालात थोडा हिरवा टाकून पाहा," निकेश म्हणाला.

"लालात हिरवा टाकला की चिखल होतो. हे मी सातवीला शिकवते."

"सारखा टाकला तर. टोकाएवढाच टाका."

"रंग मला शिकवू नका."

"नाई शिकवत. ब्रश द्या."

तिने ब्रश दिला नाही. रागाने स्वतःच ब्रशचं टोक निळसर हिरव्यात आणि मग लालात बुडवलं. लाल दचकला, काळवंडला, मग पाण्यात पसरत गेला... आणि ताटलीच्या काठाशी, अगदी पातळ थरात, धुळीचा जांभळा उमटला. ती तशीच पाहत राहिली. मग त्याच्याकडे पाहिलं. तो ताटलीकडे पाहत नव्हता.

"काय?" ती म्हणाली.

"काई नाई. रुई पाहून राह्यलो."

"रुई इकडे आहे."

"हो का..."

सात जूनला दोघं बारा चित्रं घेऊन केंद्रात पोचले. भिंत भरलेली होती. ट्युलिप लागले होते, आणि कोपऱ्यात हात जोडलेले गुणवंतराव. त्यांच्यापेक्षा खऱ्या गुणवंतरावांचा चेहरा जरा कमी गुलाबी होता.

"मुदत उद्याची होती," रीता म्हणाली.

"पोरी, ह्याले पाच वर्षं पाहा लागत नाई. तुझे फुलं चार महिन्यात उडाले."

तिने पट्ट्या टेबलावर मांडल्या. झाकलेला अर्धा, उघडा अर्धा. आवाज चढला नाही, पण खोलीतला शिपाई हळूच बाहेर गेला. "बारा दिवस ब्रह्मपुरीच्या स्लॅबवर होत्या. ह्या मेल्या, ह्या टिकल्या. ज्या टिकल्या, त्याच रंगांनी काढलंय. ही फुलं तुमच्या दारातून दिसतात, साहेब. तुम्ही कधी खाली पाहिलंत?"

गुणवंतरावांनी पट्ट्या पाहिल्या. रुईचं चित्र पाहिलं. खिडकीतून बाहेर पाहिलं, तिथे रुई होती. माणूस वाईट नव्हता, फक्त अध्यक्ष होता.

"आनि हे पन उडाले तर? हमी कोन घेते?"

"मी घेतो," निकेश म्हणाला. "दर महिन्याले येऊन तपासून जाईन. फिका वाटला तर रंग देईन, मॅडम पुन्हा काढतीन."

"किती वर्षं?"

निकेशने रीताकडे पाहिलं. कानापर्यंत लाल झाला. "चाळीसेक... तब्येत बरी राह्यली तर."

पंखा फिरत राहिला.

"हे मला आधी विचारायला नको होतं?" रीता हळू म्हणाली.

"विचारणार होतो. तुम्ही रोज रागातच असता."

"आजही रागातच आहे."

"दिसून राह्यलं."

"लिहून द्या," गुणवंतरावांनी कोरा कागद सरकवला. निकेशने लिहिलं, सही केली. रीताने कागद ओढून वाचला, एकदा, मग पुन्हा. "दर महिन्याला एकटे येऊन काय तपासणार? फुलाला पान म्हणाल," ती म्हणाली, आणि त्याच्या सहीखाली आपली सही केली. तिचं नाव त्याच्यापेक्षा जरा मोठं आलं.

गुणवंतराव नियमाचे पक्के. त्यांनी कागद वाचला, साक्षीदार म्हणून खाली सही केली, तारीख टाकली, गोल शिक्का मारला, आणि शिपायाला हाक मारून शिडी आणायला सांगितली.